मऊ वायर

"जाड दाखवा. कडक. सहज वाकणार नाही असली," त्रिशलावहिनी म्हणाल्या.

आरवाडेकाकांचा हात मीटरच्या वायरींच्या पाकिटांवर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळणारी चार-पाच दुकानं होती, त्यातलं हे सगळ्यात जुनं. बाहू मगदूम आणि मी तिथं पंधरा वर्षं जात होतो. आम्हाला काय लागतं ते काकांना विचारावं लागत नसे. पण आता बाहू नव्हता. त्याला जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि त्याची बायको काउंटरला टेकून उभी होती.

"कडक कशाला, ताई?" काका म्हणाले. "मीटरची वायर मऊच चांगली."

"मऊ नको."

"अहो, पण..."

"मऊ नको म्हटलं ना, काका."

मी फळीवरच्या फ्यूजच्या डब्या वाचत होतो. त्या दिवसांत मी असलंच काहीतरी वाचत उभा राहायचो. बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, जे समोर येईल ते. लोक म्हणायचे, सदा कोळेकर पार खचला, जोडीदार गेला बिचाऱ्याचा. मी खचलो वगैरे नव्हतो. दोन वेळा जेवत होतो, पडल्या पडल्या झोपत होतो, दाढीसुद्धा रोज करत होतो. कुणी समोर रडायला लागलं की त्याच्या चपलांकडे बघत राहायचो आणि रडणं संपलं की चहा घ्यायचो. मला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ड्राईव्ह दुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप होतं. ड्राईव्ह म्हणजे कारखान्यातल्या मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र. काही जेवणाच्या डब्याएवढे असतात, काही कपाटाएवढे. आतल्या सर्किटच्या कार्डांचं सोल्डरिंग वहिनी दहा वर्षं घरी बसून करत होत्या आणि आम्हा दोघांपेक्षा सुबक करत होत्या. पण वीज असलेल्या वस्तूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, आणि वीज आहे का नाही ते दाखवणारा हातातला मीटरही कधी धरला नव्हता. तीन दिवसांपूर्वी त्या मला म्हणाल्या, "सोमवारपासून मी वर्कशॉपला येणार. आधी मला मीटर शिकवा, आणि वायरी आणायला मी स्वतः येणार." मी बरं म्हणालो. कुणी काहीही म्हणालं की मी बरं म्हणत होतो.

"भावजी, तुम्ही सांगा," वहिनी माझ्याकडे वळल्या. "मऊ म्हणजे तकलादूच की नाही?"

"नाही," मी म्हणालो. माझं तोंड आपलं आपण बोलायला लागलं. "आत बारीक तारा असतात, केसाएवढ्या. जितक्या बारीक आणि जितक्या जास्त, तितकी वायर मऊ. मग किती वाकवा, लवकर तुटत नाही. कडक वायरीत तारा जाड आणि थोड्या असतात. त्या मानेतच तुटतात."

"मान कुठली?"

मी लाल काडी, म्हणजे वायरीच्या टोकाची हातात धरायची दांडी, उचलून दाखवली. वायर काडीत शिरते ती जागा. तिथं रबराचा एक छोटा गळपट्टा असतो. "सगळा ताण इथं येतो. हा गळपट्टा लांब पाहिजे आणि वायरीबरोबर वाकायला पाहिजे."

"आणखी?"

"वरचं आवरण सिलिकॉनचं घ्यायचं. सोल्डरिंग गन चुकून टेकली तरी वितळत नाही. टोकाचं लोखंड अगदी थोडं उघडं पाहिजे. लांब उघडं असलं की एकाच वेळी दोन स्क्रूंना टेकतं आणि तोंडावर भडका होतो. मीटरमध्ये जाणाऱ्या बाजूला प्लास्टिकची पूर्ण टोपी पाहिजे. आणि हे बघा, इथं छापलंय, हजार व्होल्ट."

"छापलेलं खरं असतं?"

"छापायला काय लागतंय, ताई?" काका म्हणाले. "दोनशे व्होल्टची लायकी नसलेल्यावरबी हजार छापतात. छापलेलं वाचायचं, पण त्याच्यावर मुलगी द्यायची नाही."

काका हे नेहमीचंच बोलले आणि नेहमीसारखं हसायला गेले. मग आपण कुणासमोर हसतोय ते ध्यानात येऊन त्यांनी चष्मा काढून पुसला. पाकीट फोडून त्यांनी वायरी दुकानातल्या मीटरला लावल्या आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. मीटर पीऽऽ करून वाजायला लागला.

"हा बझर. वायर सलग आहे म्हणून वाजतोय," काका म्हणाले. "आता मान हलवायची. अशी, अशी, सगळ्या बाजूंनी. आवाज जराबी तुटला, की ती वायर घ्यायची नाही."

वहिनींनी काड्या स्वतःच्या हातात घेतल्या आणि मान वाकवून बघितली. आवाज तुटला नाही. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी दुसरं पाकीट फोडायला लावलं, मग तिसरं. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. काका पाकिटं फोडून देत राहिले.

"आणि तुटकी असली तर?" मान वाकवता वाकवता वहिनींनी विचारलं. "समोर वीज आहे, आणि वायर आतून तुटकी. तर मीटर काय दाखवतो?"

"शून्य," मी म्हणालो.

"आणि वीज नसली तर?"

"तेव्हापण शून्य."

"मग माणसानं ओळखायचं कसं?"

मी परत फ्यूजकडे बघायला लागलो होतो, म्हणून काकांनी सांगितलं. "त्यासाठीच तर बाहूचा नियम होता. सगळ्या कुपवाडला त्यानं तो लावला. जितं, मेलं, जितं."

वीज नसलेल्याला आमच्या धंद्यात मेलं म्हणतात. बाहूचा नियम साधा होता. आधी जिथं वीज नक्की आहे अशा ठिकाणी, म्हणजे एखाद्या चालू सॉकेटला, मीटर लावायचा. आकडा आला म्हणजे मीटर आणि वायरी जित्या. मग कामाच्या जागी लावायचा. तिथं शून्य आलं तरी लगेच खरं मानायचं नाही. परत सॉकेटला लावायचा. परत आकडा आला, तरच मोठ्यानं 'मेलं' म्हणायचं. आणि मेलं म्हटल्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट लागतं. काकांनी हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. वहिनींनी लक्ष देऊन ऐकलं.

"दिवाळीच्या आधी मी आले होते, काका. आठवतंय?" त्या म्हणाल्या. "ह्यांना वेळ नव्हता म्हणून मला पाठवलं होतं. तुम्ही दोन वायरी दाखवल्या. मी हाताला मऊ लागली ती उचलली. लोकर घ्यावी तशी."

"आठवतंय की. चांगलीच नेली होती तुम्ही."

"चांगली असती तर तुटली असती का?"

काका पुटपुटले, "एखादा पीस खराब निघतो, ताई. त्याला कोण काय करणार?" आणि परत चष्मा पुसायला लागले. वहिनींनी सातव्या पाकिटातली वायर पसंत केली. मऊच होती ती. त्यांनी ती पर्समध्ये घातली, चेन लावली आणि म्हणाल्या, "चला."

कुपवाडला आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. माधवनगरच्या रस्त्याला पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या लावलेला, त्यामुळे बराच वेळ हळू चालवावं लागलं. मागून वहिनींनी विचारलं, "भावजी, खरं सांगा. माझ्यामुळं झालं का हे?"

ट्रॅक्टरचा आवाज मोठा होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यांनी परत विचारलं नाही. त्यांना काय वाटत होतं ते मला पूर्ण ठाऊक होतं. बाहू सूतगिरणीत ड्राईव्ह उघडताना गेला. मीटरनं शून्य दाखवलं, आत साडेपाचशे व्होल्ट होते. वायर तुटकी निघाली. हे सगळ्या सांगलीला माहीत झालं होतं, आणि मीच सांगितलं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. वायर कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मीटर बाहू सहसा दुसऱ्याच्या हातात देत नसे, म्हणून सगळे धरून चालले की वायर बाहूची. पोलिसांनी पंचनामा केला, मीटर वायरींसकट नेला आणि अपघात म्हणून लिहून टाकलं. आणि बाहूची वायर वहिनींनी आणलेली.

वहिनींनी आणलेली वायर बाहूच्या पिशवीत होती. त्या दिवशीही पिशवीतच होती, गुंडाळून, रबर लावून. ती पिशवी वर्कशॉपमध्ये खुंटीला टांगलेली होती आणि तेवीस दिवसांत कुणी उघडली नव्हती. हे फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर या बाईच्या डोक्यावरचा धोंडा उतरला असता. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं वाक्य यायचं होतं. मी ट्रॅक्टरच्या मागं मागं स्कूटर चालवत राहिलो.

वर्कशॉपला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वहिनींनी पदर खोचला, बाकावरची धूळ पुसली, बाहूच्या स्टुलावर बसल्या. क्षणभर बसून परत उठल्या आणि स्टूल बाजूला सारून उभ्यानंच कामाला लागल्या. बाकावर एका बेकरीचा लहान ड्राईव्ह आलेला होता. कणीक मळायच्या मशीनचा. झाकण उघडून मी त्यांना आतलं दाखवलं.

"हे काळे डबे दिसतायत ते कपॅसिटर. मेन बंद केला तरी यांच्यात वीज भरून राहते. नळ बंद केला म्हणून घागर रिकामी होत नाही, तसं. पाच मिनिटं थांबायचं. ती हळूहळू उतरते. उतरवणारा एक रेझिस्टर असतो आत. तोच जळालेला असला तर पाच मिनिटांनी काय, तासानंसुद्धा उतरत नाही. म्हणून बघितल्याशिवाय हात नाही."

"त्या दिवशी तो जळाला होता?"

"व्हय. आणि वीज आहे म्हणून सांगणारा बारका दिवा असतो, तोपण गेला होता."

त्या मान हलवत होत्या, शाळेत धडा समजून घ्यावा तशा. मग पर्समधून नवी वायर काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "आज तुम्ही बघा आणि सांगा. कार्ड मी काढते. हात माझे बारीक आहेत."

मी ड्राईव्ह चालू करून बघितला, बिघाड कुठला ते कळलं, आणि मेन बंद केला. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबल्या. मी वर्कशॉपमधला दुसरा मीटर सॉकेटला लावला. दोनशे तीस. खटका फिरवून कपॅसिटरच्या दोन स्क्रूंना काड्या टेकवल्या. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. परत सॉकेटला लावला. दोनशे तीस. जितं, मेलं, जितं. सगळं जसं पाहिजे तसं झालं.

वहिनींच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. डाव्या हाताची उघडी बोटं कपॅसिटरपासून वीतभर अंतरावर थांबली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मला एक शब्द बोलायचा होता. तो आला नाही.

"काय हो?" त्यांनी विचारलं. "झालं की बघून. सांगा की."

मी काड्या हातात धरून तसाच उभा होतो.

"मेलं म्हणायचं असतं ना? म्हणा की, भावजी. का मीच म्हणू?" बोटं आणखी थोडी पुढं आली.

"हात काढा," मी म्हणालो.

त्यांनी चटकन हात मागं घेतला. "का? आहे अजून?"

"नाही. काही नाही आत."

"मग?"

"मी म्हटलं म्हणून हात घालू नका."

"असं काय बोलताय? तुम्ही आत्ता बघितलंत ना?"

"बाहूनं घातला होता," मी म्हणालो. "मी म्हटलं म्हणून."

वहिनींनी स्क्रू-ड्रायव्हर बाकावर ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता.

"मीटर तुमच्याकडं होता," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आणि वायर?"

"माझी."

"सगळं सांगा."

मी सांगितलं. आवाज चढला नाही, कापला नाही, काही झालं नाही. कपाटाएवढा ड्राईव्ह होता. बाहू मागच्या बाजूनं पट्ट्यांचे बोल्ट सैल करायला गेला होता, म्हणून मीटर मला दिला. माझ्या वायरी त्याला आधीच लावलेल्या होत्या. काळ्या वायरीची मान महिनाभर आतून तुटलेली होती. मला माहीत होतं. वर चिकटपट्टी गुंडाळली होती. थोडी तिरकी धरली की चालायची. आमच्या धंद्यात अशी एखादी वायर प्रत्येकाकडं असते, आणि ती कशी धरली म्हणजे चालते ते फक्त त्यालाच जमतं. त्यात एक शेखीपण असते. बाहू चारदा म्हणाला होता, टाक ती वायर. मी म्हणायचो, चालतीय रे, तुला धरता येत नाही.

"सॉकेटला लावला तेव्हा आकडा आला. मग आत लावला. हात उंच करावा लागला. शून्य आलं. गिरणीचा सुपरवायझर सारखा विचारत होता, किती वेळ, किती वेळ. मी मेलं म्हणालो."

"तिसऱ्यांदा बघितलंच नाही."

"नाही."

"आणि ह्यांनी विचारलं नाही? नियम त्यांचा होता."

हे सांगायचं नव्हतं. तेवीस दिवस मी हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"विचारलं," मी म्हणालो. "मागून विचारलं, 'सद्या, परत बघितलास का?' मी म्हणालो, 'व्हय, बघितला.'"

परत बघायला चार सेकंद लागतात. मी नंतर मोजून बघितलंय. परत बघितलं असतं तर वायर सॉकेटला लावताना सरळ होऊन पुन्हा जुळली असती आणि आकडा आला असता, असंही होऊ शकतं. मग बाहू तरीही गेला असता. हे मी त्या दिवशी वहिनींना सांगितलं नाही, आणि त्याचं मला समाधान आहे. तेवढं एक तरी मी स्वतःसाठी वापरलं नाही.

"मग माझी वायर कुठाय?" वहिनींनी विचारलं.

मी खुंटीकडं बोट दाखवलं. त्यांनी पिशवी खाली घेतली, बाकावर उपडी केली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी, सुपारीची डबी, आणि रबर लावून गुंडाळलेली लाल-काळी वायर. त्यांनी रबर काढलं. मीटरमधली नवी वायर उपसून ही लावली, टोकांना टोकं टेकवली. बझर वाजायला लागला.

त्यांनी लाल वायरीची मान वाकवली. आवाज सलग. काळ्या वायरीची वाकवली, डावीकडं, उजवीकडं, पिळून, ताणून, अगदी मोडेल अशी दुमडून. आवाज सलग. तो चिरका आवाज त्या लहानशा शेडमध्ये भरून राहिला आणि त्या थांबेनात. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तेवीस दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, त्रिशला दगड झाली. त्या आता रडत होत्या, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता, आणि हातातली टोकं त्यांनी सोडली नव्हती.

"चांगली होती," त्या म्हणाल्या. "मी चांगली आणली होती हो."

"एकदम चांगली होती," मी म्हणालो.

मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

त्यांनी टोकं सोडली तेव्हा एकदम शांत झालं. पदरानं तोंड पुसून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाराव्या दिवशी तुम्ही आमच्याकडं जेवायला होता," त्या म्हणाल्या. "मी वाढत होते. मी तुम्हाला म्हटलं, भावजी, ती वायर मी निवडली होती, ह्यांना मीच मारलं. सगळ्यांच्या देखत म्हटलं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं.

"बोला. काय म्हणालात?"

"वायरीचं काय, वहिनी, म्हणालो. वेळ आली की कुठलीपण तुटते."

"आणि मग?"

"मग भात मागितला."

"मी वाढला तुम्हाला भात," त्या म्हणाल्या. "तूप घालून."

मी माझी पिशवी उचलली. डबा, चष्मा, किल्ल्या. दाराशी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा."

मी थांबलो.

"उद्यापासून येऊ नका. पण आज हे काम अर्धवट आहे. वीज असलेलं काम एकट्यानं करायचं नाही, कुणीतरी मेनपाशी उभं पाहिजे, असं हे सांगायचे. तिथं उभे राहा. मेनवर हात ठेवा. माझ्याशी बोलू नका."

मी मेनवर हात ठेवून उभा राहिलो. वहिनींनी स्वतः मीटर घेतला. सॉकेट. कपॅसिटर. सॉकेट. शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला, स्वतःपुरता, आणि आत हात घातला. कार्ड काढलं, जळालेला भाग बदलला, परत बसवलं. अधूनमधून त्यांना रडू येत होतं, तेवढ्यापुरतं त्या काम थांबवत होत्या आणि डोळे कोरडे झाल्यावर परत वाकत होत्या. सोल्डरिंग नेहमीसारखं सुबक झालं. त्यांनी मला तीनदा मेन चालू करायला सांगितला, तीनदा बंद करायला. मी केला. दरवेळी पाच मिनिटं त्या घड्याळाकडं बघत थांबल्या आणि तिन्ही वेळा परत बघितल्याशिवाय त्यांनी बोट आत नेलं नाही.

साडेपाचला झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळून त्या म्हणाल्या, "झालं. सोडा मेन. जावा आता."

माझी बोटं आखडली होती, ती दुसऱ्या हातानं सोडवावी लागली. घरी गेलो. बायकोला सांगितलं, वर्कशॉप सोडलं. ती म्हणाली, बरं झालं, तुमचं मन लागत नव्हतंच. जेवलो आणि झोपलो. मी नंतर मिरजेत एका शीतगृहात हजेरी मांडायचं काम धरलं. तिथं मीटर लागत नाही.

पोलीस येतील म्हणून मी वाट बघितली. मग बाहूचे भाऊ येतील म्हणून बघितली. कुणी आलं नाही. आरवाडेकाका बाजारात भेटले तर पूर्वीसारखेच बोलले, बाहूची आठवण काढून हळहळलेसुद्धा. पुढं कधीतरी मगदूमांच्या शेजारी राहणाऱ्या, गिरणीच्या एका फोरमनकडून कळलं की मगदूमबाई आता मोठमोठे ड्राईव्ह एकट्या उघडतात. म्हणजे एकट्या नाही, मेनपाशी एक माणूस उभा असतो. आणि त्याच फोरमनकडून हेही कळलं की बाहूच्या आईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, वायर चांगली होती. एवढंच सांगितलं. म्हातारीनं विचारलं म्हणे, मग काय झालं गं? तर म्हणाल्या, ते भावजी सांगतील.

म्हातारी त्यानंतर सहा वर्षं होती. मी गेलो नाही. आता बाहूला जाऊन चौदा वर्षं झाली. म्हातारीला नाही तर नाही, आज कुणाला तरी सांगितलं.